कोपरा राही गया

तमाम गिऱ्हाईकांना, त्यांच्या चपला-बुटांना, टोकदार टाचांना आणि केळीचे वेफर सांडत चालणाऱ्या त्यांच्या लेकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, आजपासून आपल्या साडीच्या दुकानात तळमजल्यावर ओल्या फरशीवरून कोणीही, केव्हाही आणि कसंही चालू शकतं. अडवणारी बाई गेली.

अक्का, ही घोषणा मी परवा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या केली. पैठणी नेसवलेल्या पुतळ्याशेजारी उभी राहून, एक हात छातीवर, एक हात आढ्याकडे. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या पोरी जिन्यातून हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. शेठ गल्ल्यावरून माझ्या पायांकडे बघत होते. मीही खाली बघितलं. दहा वाजून गेले होते आणि फरशी कोरडी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी दुकानात शिरले आणि माझी पावलं मागे उमटली नाहीत. तुम्हाला सांगते, स्वतःचीच पावलं न दिसणं ही काही चांगली गोष्ट नाही.

माझं दुकानातलं काम बोलायचं, तुमचं पुसायचं. मी नशिराबादहून बसने यायची, तुम्ही असोद्याहून. पण तुम्ही मूळच्या धुळ्याकडच्या, त्यामुळे तुमच्या बोलण्यात दर दोन शब्दांनी ‘शे’ यायचा. आम्ही ‘आहे’ म्हणतो तिथे तुमचा ‘शे’, ‘आली’ म्हणतो तिथे ‘उनी’. तुमच्याशी माझी पहिली ओळख झाली तीच त्या ‘शे’ने. एक गृहस्थ तुम्ही नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चिखलाच्या बुटांनी गेले, मध्यावर थांबले, वळले, तुमच्यापर्यंत परत आले आणि विचारलं, “ही वाळायला किती वेळ लागेल?” तुम्ही त्यांच्या येण्याच्या आणि जाण्याच्या अशा पावलांच्या दोन्ही रांगा शांतपणे बघितल्या आणि म्हणालात, “भाऊ, पाय तुमना, पन फरशी मनी शे.”

पाय तुमचे, पण फरशी माझी आहे. त्या माणसाने चक्क बूट काढून हातात घेतले, अक्का! काउंटरमागे मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

त्या दिवसापासून मी तुमची नक्कल करायला लागले. आधी तुमच्या मागे, मग तुमच्या पुढे. तोंडावर पदर गुंडाळायचा, कारण फिनाईलचा वास तुम्हाला सोसायचा नाही, कंबरेत वाकायचं आणि ‘पाय तुमना’ म्हणायचं. सगळ्या पोरी लोळायच्या. तुम्ही मात्र परीक्षकासारख्या बादलीच्या कडेवर हात ठेवून ऐकायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, “मंगे, तुले मना आवाज जमस, पन ‘शे’ जमस नही. तुना ‘शे’ बाराशे-पंधराशेवाला लागस.”

बरोबर होतं तुमचं. दिवसभर बाराशे, पंधराशे, अठराशे करणारी बाई मी. माझ्या तोंडातला ‘शे’ किंमत सांगितल्यासारखाच निघायचा. अकरा वर्षं घोकला, जमला नाही.

गिऱ्हाईकांचं आणि तुमचं जे चालायचं त्यावर मी एक आख्खी रात्र बोलू शकते. पाय न उचलता बसणाऱ्या त्या बाई आठवतात? “माझ्या कडेकडेने पुसा” म्हणाल्या. जणू त्या बाई म्हणजे मध्ये रोवलेला खांब. तुम्ही कडेकडेने पुसलं. मग त्यांनी एक साडी खांद्यावर टाकून तुम्हालाच विचारलं, “कशी दिसते गं मला?” तुम्ही पोतेरं पिळत म्हणालात, “चांगली शे. मळ दिसाव नही.” त्यांनी ती साडी घेतली! आणि ते भाऊ, ज्यांच्या लेकाने उसाचा रस सांडला आणि वर म्हणाले, “पुसायला ठेवलंय ना तुम्हाला? मग सांडलं नाही तर करणार काय तुम्ही?” तुम्ही नुसती त्यांची पावलं बघितली आणि माझ्याकडे बघून दोन बोटं हलवली. हे आपलं गुपित होतं. फरशीवरच्या पावलांवरून तुम्ही माणूस वाचायच्या. काळी माती बोटांच्या बेचक्यात असली तर शेतातून थेट आलाय, घेणार. टाच जागच्या जागी फिरलेली असली तर नुसता भाव विचारायला आलाय, उगाच साड्या उलगडू नको. एक बोट म्हणजे घेणार, दोन बोटं म्हणजे नाही. दोन बोटांना मी कधी घडी मोडली नाही, आणि शेठ समजायचे की मंगलला गिऱ्हाईकाची नजर आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुम्हाला ते माहीत आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही.

चैत्रात ते भुसावळकडचं कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं. अकरा माणसं, त्यात नवरी, आणि नवरीची एक मावशी जिच्यापुढे बाकीची दहा माणसं मुकी. चार तास त्यांनी साड्या उलगडायला लावल्या. सगळा बस्ता बांधून झाला, गठ्ठे उचलले, नवरी पुढे, बाकीची मागे. नवरीच्या हातातला रसाचा पेला दारापाशी कलंडला. कोणाला कळलंही नाही. तुम्हाला कळलं. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा अवकाश, तुम्ही मागे पोतेरं फिरवलं.

मावशी दारातच वळली.

“ए बाई! काय करतेस?”

तुम्ही म्हणालात, “रस सांडेल व्हता.”

“नवरी बाहेर पडली नाही तोवर मागं पुसतेस? मयत गेल्यावर पुसतात असं! आमची पोर काय मेली का?”

मला आठवतं, मी लहान असताना वडील गावाला निघाले की आई झाडूला हात लावायची नाही, वडील बस धरून दोन गावं पुढे जाईपर्यंत. आपल्याकडे सगळ्यांनाच हे माहीत असतं. दुकानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुम्हालाही होतं, अक्का. पण तुम्ही दिवसातून शंभर माणसांच्या मागे पुसायच्या. आजवर कोणी मागे वळून बघितलं नव्हतं, एवढंच.

मावशीने बस्ता खाली ठेवायला लावला. सगळा परत घ्या म्हणाली. नवरीला आत आणून बसवलं, पाणी पाजलं, पुन्हा शुभ पाऊल बाहेर टाकायचं म्हणाली. आणि त्याआधी त्या बाईने माफी मागायला हवी. नवरी बिचारी बावीस-तेवीसची, तिच्या कपाळावर घाम फुटला होता. शेठ काउंटर ओलांडून आले, हात जोडले, मग तुमच्याकडे वळले, “अक्का, म्हणून टाका ना. काय जातं?”

तुम्ही वाकलेल्या होतात, तोंडावर पदर, पाठ आमच्याकडे. तुम्ही म्हणालात, “मानूस बाहेर गया का मांगे पुसनंच पडस, मंग तो मरेल ऱ्हावो का जित्ता.”

नशीब, हे फक्त मी ऐकलं. मी तुमच्या पाठीशीच उभी होते. आणि तेव्हा, अक्का, मला माझी कला आठवली. मी पुतळ्याआड सरकले आणि तुमच्या आवाजात, काकुळतीला येऊन म्हणाले, “चुकनं माय, मनं चुकनं. पोर मनी सुखी ऱ्हावो.”

मावशीचं समाधान झालं. तुमच्या तोंडावर पदर होता, ओठ कोणाला दिसले? मावशीने तुमच्या पाठीकडे बघून मान हलवली, नवरी पुन्हा बाहेर पडली, बस्ता गेला, शेठनी घाम पुसला. मी स्वतःवर इतकी खूश की पुतळ्याला मिठी मारली.

तुम्ही वळलात. पदर खाली केलात. तुमचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. “मंगे, मना तोंडमा तुनं बोलनं कसाले घालं?”

मी म्हणाले, “अक्का, तुमची नोकरी वाचवली मी!”

“नोकरी मनी व्हती,” तुम्ही म्हणालात. “आवाज भी मना व्हता.”

त्यावर आपलं भांडण झालं आणि ते संपलं नाही. तुम्ही चार दिवस माझ्याकडे बोटं हलवली नाहीत, एकही नाही, दोनही नाहीत. मी आंधळ्यासारखी साड्या उलगडत राहिले. मग हळूहळू बोलायला लागलात, कळण्याच्या भाकरीचा तुकडा पुन्हा माझ्या डब्याच्या झाकणात पडायला लागला, पण त्या माफीची माफी मी काही मागितली नाही. मला वाटायचं, मागितली तर मी चूक केली असं होईल. आणि चूक केली नव्हती, असं मला वाटायचं.

त्यानंतर शेठनी नियम केला. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून दिसेनासं होईपर्यंत अक्कांनी फरशीला हात लावायचा नाही. तेव्हापासून तुम्ही जिन्याखाली, अंधाऱ्या जागेत, हातात पोतेरं घेऊन उभ्या राहायला लागलात. गिऱ्हाईक निघालं की तुमची नजर त्याच्या पाठीवर, कधी एकदा दिसेनासा होतो याची वाट बघत. मला त्याचं हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं. काही गिऱ्हाईकं दारातून मागे वळून बघायची. बातमी पसरली होती. एक बाई मला कुजबुजत म्हणाली, “ती जिन्याखालची का? तीच ना?” आणि लेकराला कडेवर घेऊन झपाझप निघून गेली. अकरा वर्षं तुम्ही फरशी पुसत होतात, तोवर तुम्ही कोणाला दिसला नव्हतात. आता दिसायला लागलात, आणि कशाच्या रूपाने दिसायला लागलात ते मी लिहीत नाही.

मग महिन्याभराने ती मावशी परत आली. तुम्ही बस्त्याच्या दिवशीच, रस सांडायच्या आधी, तिच्या पावलांवरून सांगितलं होतं की ही परत येईल. हातात पेढ्यांचा डबा. लग्न थाटात झालं, पोर सुखात आहे, सासर चांगलं. शेठना पेढा, मला पेढा, पोरींना पेढा. मग जिन्याकडे हनुवटी करून म्हणाली, “बघा, तिने वेळेवर माफी मागितली म्हणून टळलं. नाहीतर काय झालं असतं देव जाणे.”

आणि तुम्हाला पेढा न देताच गेली. तुम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलात, मग तिच्या मागची फरशी पुसायला आलात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “ऐकलंत अक्का? माझ्या नकलेने टळलं!”

तुम्ही हसलात. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसलात. आणि पोतेरं बादलीत बुडवत म्हणालात, “टळनं म्हनस. मंग गयं कोठे?”

टळलं म्हणतेस. मग गेलं कुठे?

मी पण हसले. हसताना माझ्या दंडावर काटा आला, उन्हाळ्यातल्या जळगावात, दुपारी.

त्या आठवड्यात तुम्ही दोनदा खांबाला हात टेकून उभ्या राहिलात. मी बघितलं. बघून काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पोरींना करून दाखवलं. खांब, हात, डोळे मिटलेले, “आते थोडी टेकस माय.” हुबेहूब जमलं होतं. तुम्हीही बघितलंत. अक्का, एखादी बाई तुमची नक्कल करते म्हणजे ती तुमच्याकडे नीट बघते असं मला वाटायचं. मी नीट बघत होते. पण काय बघते आहे ते मला कळत नव्हतं.

आणि तो शेवटचा दिवस. दुपारचे चार, उन्हाने रस्ता ओस, दुकानात कोणी नाही. तुम्ही शेठना सांगून लवकर निघालात. बादली पालथी घातली नव्हती, पोतेरं काठावर. तुम्ही चपला घालून दाराकडे गेलात आणि जिन्यापासून दारापर्यंत तुमची ओली पावलं उठली. मला काय सुचलं! मी पोतेरं उचललं, वाकले आणि तुमच्या मागे मागे एकेक पाऊल पुसत आले. तोंडाने मावशीचा आवाज काढत, “ए बाई! नवरी चाललीय, मागं पुसू नको! टळायचं नाही हं आता!”

पोरी जिन्यात हसत होत्या. तुम्ही उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवून वळलात. मला वाटलं आता रागावणार. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. तुम्ही फरशीकडे बघितलं, दाराच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, “कोपरा राही गया.”

आणि गेलात. मी तो कोपरा पुसला नाही. हसत होते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या लेकीचा, रत्नाचा फोन आला. उठल्या, अंगणात सडा टाकला, उंबऱ्यावर टेकल्या. रिक्षा येईपर्यंत सगळं झालं होतं.

मी अंधश्रद्धा मानत नाही. दुकानात हे मी इतक्यांदा सांगितलंय की पोरींना पाठ आहे. पण त्या दिवसापासून घरातलं माणूस बाहेर पडलं की मी अर्धा तास झाडूकडे बघतही नाही. माझे मालक परवा म्हणाले, “काय गं, घर का पसरलंय?” काय सांगू त्यांना? की मी तुमची पावलं पुसली, आणि पुसताना ‘टळायचं नाही’ म्हणाले, आणि आवाज मावशीचा असला तरी तोंड माझंच होतं, दुसऱ्या कोणाच्या तोंडात घालायची सोयही राहिली नाही?

असोद्याला मी पोचले तेव्हा तुम्हाला नेण्याची तयारी झाली होती. तुमचं घर मी पहिल्यांदा बघितलं. दोन खोल्या, आणि फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. आतल्या खोलीत आबा, तुमचे मालक, खाटेवर. लकवा झाल्यापासून चार वर्षं त्या खाटेवर, कान गेलेले, नजर अर्धी. सकाळपासून बायका त्यांच्या कानाशी वाकून सांगत होत्या आणि ते मान हलवत होते. काय कळलं होतं कोणास ठाऊक. कोणाशी शब्द बोलले नव्हते.

तुम्हाला घेऊन माणसं गेली. बायका मागे राहिल्या. मग शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, “रत्ना, पुस माय आते.”

अक्का, मला तिथून पळून जावंसं वाटलं. रत्नाने तुम्हाला ठेवलं होतं ती जागा झाडली, पोतेरं फिरवलं, मधे दिवा लावला, दिव्याजवळ पीठ पसरलं. त्या पिठात पाऊल उमटतं म्हणतात, गेलेल्याचं. पावलं वाचणारी बाई गेली आणि आता तिचं पाऊल आम्ही वाचणार! रत्नाने घाईघाईने पुसलं होतं. ती भिंतीला टेकून बसली. मी बघितलं तर दाराशेजारचा डावा कोपरा राहिला होता.

मी उठले. तिच्या हातातून पोतेरं घेतलं, वाकले, फिनाईलचा वास नाकात गेला म्हणून पदर तोंडावर ओढला आणि तो कोपरा पुसायला लागले. दोनदा पुसला. मनातल्या मनात तुम्हाला ती माफी मागत होते, माझ्या आवाजात, या वेळी कुठल्याही पुतळ्याआड नाही. तिसऱ्यांदा पोतेरं पिळलं तेवढ्यात धुळ्याहून तुमचा पुतण्या पोचला. उशीर झालेला, कानाला फोन, पायात बूट. “हो, हो, घरात आलोय. कुठल्या रस्त्याने नेलं?” असं ओरडत तो उंबरा ओलांडून सरळ ओल्या फरशीवरून आत निघाला. पुढचं पाऊल त्या पिठावरच पडणार होतं.

मी ठरवलं नव्हतं, अक्का. शपथ घेते. मी नक्कल करत नव्हते. मी वाकलेली होते, तोंडावर पदर होता, आणि माझ्या आतून जे निघालं ते इतकं खणखणीत निघालं की तो पोरगा एक पाय हवेत धरून उभा राहिला.

“भाऊ, पाय तुमना, पन फरशी मनी शे!”

बाराशेचा नव्हता तो ‘शे’. पंधराशेचाही नव्हता. तो तुमचा होता. घरात सगळ्या बायका हातातलं टाकून माझ्याकडे बघत होत्या. रत्ना भिंतीपासून सरकून उभी राहिली होती. दिव्याची ज्योत हलत नव्हती.

आणि आतल्या खोलीतून, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या, कान गेलेल्या आबांचा आवाज आला, रोज संध्याकाळी येत असेल तसाच, जरा कुरकुरता, जरा निर्धास्त:

“उनी का वं? मंग चहा ठेव.”